घरच्या घरी हायलाइट्स: मेहंदीच्या केसांवर जमतात का?

सोनसळी
नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण ते सगळे 'पांढरे केस काळे कसे करू' यावरच आहेत. माझं जरा उलटं आहे.

केस खांद्याखाली वीतभर, सरळ, जाड, मूळचे काळेभोर. चाळिशीनंतर भांगाजवळ आणि कानशिलांवर पांढरे दिसायला लागले, बाकी डोक्यात तुरळक. बरीच वर्षं मेहंदी लावते. लोखंडी कढई, चहाचं पाणी, कात, आवळकाठी, रात्रभर भिजवणं, असा साग्रसंगीत कार्यक्रम असतो. अख्खा रविवार त्यात जातो आणि महिन्याच्या आत भांगात पुन्हा पांढरी रेघ. शिवाय मेहंदीने पांढरे तेवढे भगवे होतात आणि काळे काळेच राहतात. हा प्रकार तुम्ही कुणा ना कुणा मावशींच्या डोक्यावर पाहिला असेलच.

ऑफिसातल्या एकीने अगदी बारीक हायलाइट्स करून घेतलेत. तिचे पांढरे त्यात असे मिसळून गेलेत की मुळं वाढली तरी पटकन कळत नाही. मला ते फार आवडलं. इथे नाशिकला पार्लरमध्ये विचारलं तर माझ्या लांबीला सहा हजार, वर "मॅडम, केराटिनपण करून घ्या" आहेच. तर हे घरी जमतं का? हात बरा आहे माझा, आईचे आणि सासूबाईंचे केस मीच कापते. पण डोक्याला ब्लीच कधी लावलेलं नाही. कुणी स्वतःचे स्वतः केले असतील तर सविस्तर लिहा. डेव्हलपर कुठलं, फॉइल की टोपी, सगळं.

खडूस_म्हातारा
इतकी वर्षं पांढऱ्याचे काळे केले, आता काळ्याचे पांढरे. चालू द्या.

उडती_बट
सोनसळी, जमतं. मी करते. पण माझ्या केसांना मेहंदी कधीच लागलेली नाही, त्यामुळे तुझ्या बाबतीत फरक पडेल. त्यावर जाणकार बोलतीलच, मी पद्धत सांगते.

पहिली गोष्ट, अख्खं डोकं करायला जाऊ नकोस. मागचं आपल्याला दिसत नाही आणि हात भरून येतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आणि भांगालगतचा वरचा थर, बास. लोकांच्या नजरेत तेवढंच भरतं.

ब्लीच पावडर, २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर (पावडर ज्यात कालवतात ते पेरॉक्साइडचं द्रावण, व्हॉल्यूम म्हणजे त्याची तीव्रता), प्लास्टिकचा किंवा काचेचा वाडगा, डायचा ब्रश, शेपटीचा कंगवा, हातमोजे आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल. फॉइलचे तुकडे आधीच कापून ठेवायचे, ब्लीच कालवल्यावर कापत बसलं की गोंधळ होतो. प्रत्येक तुकड्याची एक कड अर्धा इंच दुमडायची. ती कड मुळाशी येते, आणि कंगव्याची शेपटी त्या घडीत घालून फॉइल डोक्याला टेकवता येते.

केस कोरडे हवेत, एकदोन दिवस न धुतलेले. शेपटीने आडवा पातळ थर उचलायचा आणि त्या थरातून शेपटी धावदोरा घालतो तशी खालीवर, खालीवर न्यायची. शेपटीवर आलेल्या बटा फॉइलवर घ्यायच्या, खाली राहिलेले केस सोडून द्यायचे. तुला बारीक हवेत ना, मग टाका अगदी बारीक. ब्लीच ब्रशवरून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. मुळापासून अर्धा सेंटीमीटर सोडून लावायचं, कारण फॉइलमध्ये ते फुगतं. अगदी मुळाला टेकवलं तर बाहेर येऊन भांगातच ठिपका पाडतं, आणि तो ठिपका लपत नाही. फॉइल हलकेच दुमडायची, फार दाबायची नाही. दर आठदहा मिनिटांनी एखादी उघडून बघायची. पाकिटावर जी कमाल वेळ दिलीय तिच्यापुढे एक मिनिटही नाही.

आणि धुतल्यावर घाबरू नकोस. काळे केस ब्लीचमधून केशरीच बाहेर येतात. त्यावर टोनर, म्हणजे नको ती झाक मारणारा सौम्य रंग, लावायचा असतो. ही दुसरी पायरी निम्म्या व्हिडिओंत दाखवतच नाहीत.

पेठकर_काका
धावदोरा म्हटल्यावर सगळं समजलं. मी पण करून बघतो. आमच्याकडे फॉइलचा एकच तुकडा पुरेल.

कात्रीवाली
सांगलीला माझं पार्लर आहे, म्हणून आधीच सांगते: 'घरी करू नका, पार्लरला या' हा सल्ला मी देणार नाहीये. उडती_बट यांनी पद्धत बरोबर लिहिलीय. फुगण्याचं तर आमच्या शिकाऊ मुलींनाही दहादा सांगावं लागतं.

पण सोनसळीताई, तुमच्या केसांना ती जशीच्या तशी लावू नका.

आम्ही केसांचा गडदपणा १ ते १० असा मोजतो. १ मिट्ट काळा, १० अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात. ब्लीच लावलं की काळा रंग एकदम जात नाही, आधी लाल दिसतो, मग लालसर केशरी, केशरी, पिवळट केशरी, पिवळा आणि अगदी शेवटी फिकट पिवळा. व्हिडिओतल्या परदेशी बायका ६-७ वरून सुरुवात करतात. त्यांना दोनतीन पायऱ्या चढायच्या असतात. आपल्याला त्यांच्या सुरुवातीला पोचायलाच चारपाच लागतात. म्हणून घरी करायचं तर सोनेरी डोक्यात आणूच नका. ६-७ पर्यंत जा, कॅरॅमल किंवा मधाळ तपकिरी. गव्हाळ रंगावर तोच छान दिसतो, आणि केसांत जीवही राहतो.

घाई म्हणून ४० व्हॉल्यूम घेऊ नका. १० म्हणजे ३% पेरॉक्साइड, २० म्हणजे ६%, ३० म्हणजे ९%, ४० म्हणजे १२%. फॉइलमध्ये उष्णता धरून राहते, त्यात १२% घालून टाळू भाजलेल्या बायका माझ्याकडे आलेल्या आहेत. टाळूच्या उबेने मुळाकडचे केस तसेही टोकांपेक्षा लवकर उजळतात.

आता मेहंदी. मेहंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला धरून बसतो. ब्लीच तुमचा मूळचा काळा रंग काढेल, मेहंदीचा फारसा काढणार नाही. मग ब्लीचचा केशरी अधिक मेहंदीचा केशरी, हाती येतो तो विटकरी. तो ७ च्या पुढे सहजासहजी सरकत नाही. मेहंदीत नीळ मिसळत असाल तर हिरवट झाकही येऊ शकते. तेव्हा आधी सांगा, मेहंदी कुठली? नुसती पानांची पूड, की 'ब्राउन', 'बरगंडी', 'काळी' असली पाकिटं?

सोनसळी
उडती_बट, कात्रीवालीताई, मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी समोर बसवूनही सांगितलं नसतं.

मेहंदी बहुतेकदा राजस्थानी, पिशवीतली सुटी. पण मधे काही वेळा घाईत 'ब्राउन मेहंदी' लिहिलेलं पाकीट आणलंय, त्यात काय होतं देवाला ठाऊक. नीळ कधी घातली नाही.

रसायनी
कढईकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही का?

लोखंडी कढई, चहा, कात, आवळा. चहा, कात आणि आवळा तिघांतही टॅनिन भरपूर. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळपट संयुग तयार होतं. जुन्या काळची लिहायची शाई याच तत्त्वावर व्हायची. कढईतली मेहंदी सकाळी काळी दिसते ती त्यामुळे, आणि आपल्या आया 'रंग चांगला उतरला' म्हणतात तो हाच. म्हणजे सोनसळीच्या केसांवर मेहंदीबरोबर थोडंफार लोहही बसलेलं असणार.

ब्लीच म्हणजे पावडरमधली परसल्फेटं आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. लोह आणि तांबं पेरॉक्साइडला भराभर फोडतात, त्यात उष्णता निघते. जिथे धातू जास्त तिथे ब्लीच जास्त भडकतं, केस तुटतो, आणि रंगही ठिकठिकाणी वेगळा येतो. कढईतलं लोह किती धोकादायक ठरेल ते ज्याच्या त्याच्या कढईवर आणि किती वर्षं लावलं त्यावर. पाकिटांत मुद्दाम धातूंचे क्षार घातलेले असतील तर मात्र प्रकरण गंभीर.

तपासणं सोपं आहे. मानेमागून, आतल्या बाजूची एक बारीक बट मुळापर्यंत कापून घ्या, जुनी टोकं त्यात यायला हवीत. दोऱ्याने बांधा. प्लास्टिकच्या कपात थोडं २० व्हॉल्यूम घेऊन त्यात अमोनियाचे काही थेंब टाका आणि बट अर्धा तास बुडवून ठेवा. कप गरम झाला, बुडबुडे यायला लागले, उग्र वास सुटला किंवा बट क्षणात फिकी पडली, तर डोक्याला ब्लीच लावायचं नाही. विषय संपला. काही झालं नाही तर दुसऱ्या बटेवर खरंखुरं ब्लीच लावून रंग कुठवर येतो ते बघा.

पेठकर_काका
म्हणजे 'लोखंडी कढईत करा, अंगात लोह जातं' हे खरंच होतं तर. फक्त ते डोक्यात जात होतं.

अनुस्वार
रसायनी सर, बाळबोध शंका. वाडगा धातूचा नको म्हणता, आणि फॉइल मात्र चालते. अॅल्युमिनियम धातू नाही का?

रसायनी
सर नाही, मॅडम. :)
शंका चांगली आहे. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो तासाभराच्या संपर्कात तग धरतो, आणि अॅल्युमिनियम पेरॉक्साइडला लोह-तांब्यासारखं फोडत नाही. तांब्याची वाटी, गंजका चमचा, टवके उडालेलं भांडं या खऱ्या अडचणी. स्टीलच्या वाटीत दोन मिनिटांत स्फोट होतो असं मात्र नाही, पण प्लास्टिक पाच रुपयाला मिळतं तर विषय कशाला वाढवा?

उरलेलं कालवण बाटलीत भरून झाकण लावून कधीही ठेवू नका. ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगून फुटते. सांडून द्या, वर भरपूर पाणी.

वाघोलीकर
धातूचा विषय निघालाच आहे तर, आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. बादलीला तांबूस थर बसतो. ब्लीचच्या आधी काही करावं लागतं का?

रसायनी
हो, तांबूस थर म्हणजे लोह. धातू ओढून घेणारा, 'किलेटिंग' किंवा 'क्लॅरिफाइंग' लिहिलेला शॅम्पू आठवडाभर आधी एकदोनदा वापरा. बाटलीमागे ईडीटीए दिसतं का बघा. शेवटची धुणी टँकरच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने केली तर उत्तम. पोहायला जाणाऱ्यांचे उजळलेले केस हिरवट होतात, तेही पाण्यातल्या तांब्यामुळे. लोक क्लोरीनला शिव्या घालतात.

गोव्याची_मी
एवढी यातायात कशाला? लिंबाचा रस लावायचा आणि उन्हात बसायचं. माझी मावसबहीण कांदोळीला दिवसभर समुद्रावर असते, तिच्या बटा आपोआप तपकिरी झाल्यात.

कात्रीवाली
बहिणीचे केस ऊन आणि खारं पाणी यांनी उजळलेत, आणि ते कोरडेही झाले असतील. विचारून बघा. काळ्या केसांवर लिंबाचा परिणाम जेमतेम.

रसायनी
आणि लिंबाचा रस कातडीवर लागून वर कडक ऊन पडलं तर काही जणांना भाजल्यासारखे फोड येतात, मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. कपाळावर, मानेवर ओघळ येतातच. नको.

अनुस्वार
कबुलीजबाब नव्हे, माहितीसाठी: आमच्या हॉस्टेलवर एकाने बायका चेहऱ्याला लावतात ते क्रीम ब्लीच डोक्यावर थापलं होतं. चेहऱ्याची लव सोनेरी होते, मग केस का नाही, असा त्याचा तर्क. रंग आला तो उन्हात उभं राहिल्यावरच दिसणारा तांबूस. पठ्ठ्या आठवडाभर फक्त उन्हात उभा होता.

जास्वंद
सगळे प्रतिसाद वाचले. पांढरे केस आलेत तर आलेत, मान्य करायला एवढं काय जड जातं? पेरॉक्साइड, परसल्फेट, अमोनिया डोक्यावर ओतायचं आणि मग त्यावर उपाय म्हणून आणखी रसायनं. आमच्या आजीचे केस शेवटपर्यंत लांबसडक होते, माका आणि जास्वंदीचं तेल, शिकेकाई, बास.

उडती_बट
जास्वंद, मान्य करणं आणि मजा म्हणून रंगवणं यात भांडण कुठे आहे? सोनसळीला पांढरे लपवायचे नाहीयेत, मिसळायचे आहेत. उलट मेहंदीपेक्षा हेच जास्त 'मान्य करणं' आहे.

खडूस_म्हातारा
आजीचे केस लांबसडक होते, पण ते पांढरे होते की नाही ते नाही सांगितलंत.

जास्वंद
पांढरेशुभ्र होते आणि सुंदर दिसायचे.

व्यवस्थापक
मंडळी, 'केस रंगवावेत की नाही' यासाठी वेगळा धागा आहे, तो पाच पानी झालाय, तिकडे जागा आहे. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहा.

नीरजा_स्टुटगार्ट
टोपीचा विषय राहिला. इथे औषध-प्रसाधनांच्या दुकानात हायलाइट्सचं तयार किट मिळतं, त्यात छिद्रांची टोपी आणि क्रोशाच्या सुईसारखा आकडा असतो. आकड्याने छिद्रांतून बटा बाहेर ओढायच्या आणि त्यावर ब्लीच फासायचं. आखूड केसांना झकास, ओघळाची भीती नाही. लांब केसांना मात्र रडवते. ओढताना गुंता होतो, आणि टोपी डोक्यावर घट्ट बसली नाही तर छिद्रांतून ब्लीच आत झिरपतं. सोनसळीच्या लांबीला मी नाही सुचवणार.

रच्याकने, खोक्यावरच्या बाईच्या केसांवर जाऊ नका. खोक्याच्या बाजूला तीन छोटे फोटो असतात, कुठल्या रंगावर काय येईल त्याचे. इथल्या किटांवर सगळ्यात गडद नमुना आपल्या सगळ्यात फिकट केसांपेक्षाही फिकट असतो.

सोनसळी
सगळ्यांना धन्यवाद. रसायनीताई, बट कापली. अमोनिया औषधाच्या दुकानात मागितला तर त्यांनी मला संशयाने बघितलं, शेवटी भाच्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आला.

निकाल: कप गरम झाला नाही, बुडबुडे नाहीत. बट फारशी बदलली नाही. मग दुसऱ्या बटेला ब्लीच लावून ठेवलं. मुळाकडचा बोटभर भाग, जिथे अलीकडे मेहंदी लावलेली नाही, तो पिवळट केशरी झाला. मधला भाग केशरी. टोकं, जिथे वर्षानुवर्षांचे थर आहेत, ती अगदी विटकरी, आणि ओली असताना ताणल्यावर रबरासारखी लांबतात. कात्रीवालीताईंनी शब्द न शब्द खरा केला.

आता जांभळा शॅम्पू आणलाय. तो लावला की केशरी जाईल का?

कात्रीवाली
जांभळा परत करा, घेतील तर. जांभळा पिवळ्याला मारतो. केशरीला निळा लागतो. रंगचक्रात समोरासमोरचे रंग एकमेकांना खातात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. निळ्या झाकेचा, 'अॅश' लिहिलेला ६ किंवा ७ नंबरचा टोनर, १० व्हॉल्यूममध्ये कालवून, ओलसर केसांवर. तो केशरीला तपकिरीकडे वळवतो. विटकरी मात्र पूर्ण जाणार नाही.

टोनरआधी कानामागे लावून ४८ तास थांबा. ते 'ब्राउन मेहंदी'चं पाकीट लावल्यावर कधी खाज, डोळ्यांना सूज असं काही झालं होतं का? असल्या पाकिटांत बरेचदा पीपीडी हे डायमधलं रसायन असतं, आणि एकदा त्याची अॅलर्जी झाली की पुढच्या वेळी डायनेही, टोनरनेही उसळते. झालं असेल तर टोनरचाही विचार सोडा.

ओली बट रबरासारखी लांबते ही खूण आणखी महत्त्वाची. त्या टोकांना ब्लीच लावायचं नाही. कापा.

सोनसळी
खाज, सूज कधीच नाही. टोकं कापायला हरकत नाही, तसेही उन्हाळा आहे.

उडती_बट
मी जरा वेगळं सांगते हं ताई. केशरी म्हणजे काही संकट नाही. तोच रंग 'कॉपर' म्हणून पार्लरमध्ये पैसे देऊन करून घेतात. सोनसळी सावळी-गव्हाळ असेल तर उबदार रंगच खुलेल. प्रत्येक केस राखाडीकडे कशाला ओढायचा?

कात्रीवाली
पटतं. पण एकाच बटेत वर पिवळट, मधे केशरी, खाली विटकरी असे तीन रंग दिसले तर त्याला कॉपर म्हणत नाहीत. एकसारखा केशरी असेल तर माझी काहीच हरकत नाही.

मीरा_के
ब्लीचच्या आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडायचं, त्याने केस वाचतात, असं सगळे सांगतात. खरं की अफवा?

रसायनी
निम्मं खरं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल तसं शिरत नाही. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी या तिन्हींची तुलना छापली होती. खोबरेलाने धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी झाली, ब्लीच केलेल्या केसांचीसुद्धा. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, पण काम व्यवस्थित आहे. मात्र ते तेल लावून धुण्याबद्दल आहे. तेल लावलं म्हणून ब्लीच केसाचं नुकसान करणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. ब्लीच केसातले गंधकाचे दुवे तोडून त्यांचं जे करतं ते पुन्हा जोडता येत नाही.

मीरा_के
मग ते 'बाँड' जोडणारे महागडे प्रकार? ओलाप्लेक्स वगैरे?

रसायनी
ते २०१४ पासून बाजारात आहेत. तुटलेल्या काही दुव्यांना पूल बांधतात असा दावा. पार्लरवाल्यांना फरक दिसतो म्हणतात. पण पूर्ण ऑक्सिडीकरण झालेलं गंधक परत आणायची युक्ती कुणाकडे नाही. कमी ब्लीच, कमी वेळ, कमी केस, हाच स्वस्त उपाय.

कात्रीवाली
फरक दिसतो. पण ब्लीच वाईट झालं असेल तर कुठल्याच बाटलीतून सुटका नाही, हे खरं.

सोनसळीताई, माझा सल्ला आता असा. मेहंदी आजपासून बंद. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. दिवाळीपर्यंत भांगाशी पाचसहा सेंटीमीटर कोरा केस येईल. तोवर लांबी हनुवटीपर्यंत आणता आली तर निम्मी मेहंदी कात्रीनेच जाईल. मग फक्त भांगालगत आणि कानशिलांवर, अगदी बारीक बटा, २० व्हॉल्यूम, कोऱ्या भागापुरतं ब्लीच, आणि टोनर जरा खालपर्यंत ओढायचा म्हणजे सांधा दिसत नाही. पांढऱ्या केसांना ब्लीचची गरजच नाही, त्यांच्यात काढायला रंगच नसतो. उलट ते तसेच सोडा, टोनर त्यांच्यावरही चढतो आणि तेच तुमचे सगळ्यात उजळ हायलाइट्स होतात. फुकटात.

सोनसळी
हे शेवटचं वाचून मी मोठ्याने हसले. इतकी वर्षं त्यांच्यावर कढईभर मेहंदी ओतत होते!
ठरलं. मेहंदी बंद, केस हनुवटीपर्यंत. पांढरी रेघ दिसेल तोवर दिसू दे. ऑफिसात काय सांगायचं ते बघते.

पेठकर_काका
सांगा, "काम चालू आहे." नाशिककर समजून घेतील, रस्त्यांची सवय आहे.

जास्वंद
मेहंदी बंद करताय याचा आनंद नाही, पण पांढरी रेघ मिरवताय याचा आहे.

वेदवती_पनवेल
धागा वर काढतेय. माझे केस कुरळे, कोरे, मेहंदी-डाय काही नाही. धावदोरा पद्धत कुरळ्यांना चालते का? फॉइलमध्ये बटा सरळ राहतच नाहीत.

उडती_बट
माझे सरळ, त्यामुळे अंदाजाने सांगत नाही. कात्रीवालीताई?

कात्रीवाली
कुरळ्यांना इतक्या बारीक बटा घेऊ नका, वळणांत हरवून जातात. केस मोकळे, कोरडे, नेहमीसारखे पडू द्या आणि आरशात बघून ज्या वळ्या प्रकाशात पुढे येतात त्याच निवडा. पेन्सिलीएवढ्या जाड. ब्लीच बाहेरच्या वळणावर, मुळापासून चारेक बोटं सोडून, टोकाकडे जास्त. फॉइलऐवजी खाली प्लास्टिकची पट्टी ठेवली तरी चालतं, फक्त ब्लीच वाळू द्यायचं नाही, वाळलं की काम थांबतं. कुरळे केस मुळात कोरडे, म्हणून ७ च्या पुढे नकोच.

आणि बाथरूमचं दार लावून करू नका, कुणीच. पावडर कालवताना उडते, तिने दम लागतो. आमच्या धंद्यात काही जणींना त्यापायी पार्लर सोडावं लागलंय. खिडकी उघडी ठेवा, नाकाला रुमाल बांधा. पनवेलचा दमटपणा असेल तर पंखा लावा, पण पावडर कालवून झाल्यावर.

वेदवती_पनवेल
धन्यवाद ताई. चार बोटं म्हणजे माझी की तुमची? माझी फार बारीक आहेत.

कात्रीवाली
तुमचीच. पहिल्यांदा करताय तर पाच सोडा.